दिसलं ते वेगळं, वाटलं ते वेगळं

बुधवारी सकाळी ओळंबा बसमध्ये चढला आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरला. किल्ल्या खिशात होत्या, म्हणजे लिफ्टच्या मशीनच्या खोलीला कुलूप लावलेलं होतं. पण कुलूप लावलं म्हणून आतल्या झाकणाचा बोल्ट आवळलेला असेलच, असं कोणी सांगितलं? तो आल्या पावली परत निघाला आणि चालता चालता जवळजवळ पळायलाच लागला. इमारतीचे पाच मजले जिन्याने चढला. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की हल्ली त्याच्या छातीत धडधडायचं, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाच लिफ्टची भीती वाटते हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वर जाऊन त्याने पाना लावला. बोल्ट घट्ट होता. मंगळवारीही घट्ट होता, सोमवारीही. तपासून तपासून बिचाऱ्याच्या कडा गोल व्हायला आल्या होत्या.

मनाने लगेच दुसरी पुडी सोडली: हा घट्ट आहे, पण शेजारचा?

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, ज्याने गवंडी भिंत सरळ आहे का पाहतो, तो ओळंबा. लिफ्ट ज्या दोन रुळांच्या आधाराने वरखाली होते तेही ओळंब्यानेच सरळ बसवतात. विशीत कामाला लागला तेव्हा या पठ्ठ्याने एका इमारतीतले रूळ जरासे वाकडे आहेत म्हणून सगळं काम तीन दिवस अडवून धरलं होतं. मुकादम ओरडला होता, "अरे, तू माणूस आहेस का ओळंबा?" नाव चिकटलं ते एकतीस वर्षं निघालं नाही. त्यालाही ते आवडायचं.

कंपनीत चौदा मेकॅनिक. वर्षातून एकदा प्रत्येक लिफ्टची कसून तपासणी होते आणि 'ही लिफ्ट वापरण्यास योग्य' अशा कागदावर मेकॅनिकची सही लागते. त्या सहीचा अधिकार तिघांनाच, त्यातला एक ओळंबा. बिघाडाच्या कागदाबाबत तर तो फारच कडक. त्या कागदावर तीन रकाने असतात: दिसलं काय, वाटलं काय, तपासलं काय. नवा मेकॅनिक पहिल्या रकान्यात 'मोटर खराब' असं लिहून आणायचा आणि ओळंबा त्याच्यासमोर कागद फाडायचा. "मोटर खराब झालेली तुला दिसली? दार उघडेना, हे दिसलं. मोटर खराब हे तुला वाटलं. दिसलं ते वेगळं, वाटलं ते वेगळं. जा, पुन्हा लिही."

तर असा हा माणूस.

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या देखरेखीखालची एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या, चाळीस मिनिटं. बाहेर आल्या तेव्हा पिशवीतलं पुस्तक वाचत होत्या आणि "आणखी एक प्रकरण राहिलं होतं," असं हसत म्हणाल्या. कारणही त्याच दिवशी सापडलं: कुणीतरी कपाट चढवताना दाराचा खटका वाकवला होता. कागदावर तसं आलं, साहेबांनी सही केली, विषय संपला.

विषय ओळंब्यासाठी तिथून सुरू झाला. खटका आदल्या आठवड्यात मला दिसायला हवा होता. शिक्षिका हसल्या त्या भल्या घरच्या म्हणून. साहेब 'ठीक आहे' म्हणाले. एरवी ते 'छान' म्हणतात. एकतीस वर्षांत बिनबोभाट चाललेल्या शेकडो लिफ्ट त्याला आठवेनात, ही एकच आठवायची. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, हा नरक गाठायचा, तोही रोज सकाळी दात घासून होईस्तोवर. जेवण उतरेना, झोप पहाटेच तुटायची. रविवारी बायकोला "जरा फिरून येतो" म्हणून तो तीन इमारतींचे ब्रेक बघून यायचा.

शेवटी बायकोनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या आणि रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पहिल्याच भेटीत बाईंनी सरळ विचारलं होतं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" तो म्हणाला, "नाही. पण सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर कुणाचं काही अडणार नाही, असं येतं." बाईंनी ते लिहून घेतलं, डॉक्टरांना कळवलं, बायकोला बोलावून रात्री-अपरात्री करायचा फोन नंबर दिला. ओळंब्याला लाज वाटली आणि त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

पण गोळ्या म्हणजे काही बटण नव्हे. आणि या सोमवारी तर त्याने कहरच केला.

एका सात मजली इमारतीत नेहमीची पाहणी होती. धीर करून तो लिफ्टने वर गेला. लिफ्ट थांबताना पायाखाली धप्प झालं. ब्रेक सरकतोय! वर जाऊन त्याने मुख्य स्विच पाडला, 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी अडकवली आणि कागदावर, पहिल्याच रकान्यात, लिहिलं: ब्रेक धोकादायक. ना खडू काढला, ना मोजपट्टी. त्याचा जोडीदार खाली गाडीत होता, त्यालाही वर बोलावलं नाही. एकतीस वर्षांत ज्यासाठी त्याने लोकांचे कागद फाडले, तेच स्वतः केलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

मंगळवारी सहाव्या मजल्यावरच्या, पायाला प्लास्टर असलेल्या काकांना चार शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. रुग्णालयाची वेळ गाठायची होती, ती चुकली. काकांनी कंपनीला फोन करून जे काही सुनावलं त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: शुक्रवारी अकराला भेटा.

ओळंब्याने त्याच संध्याकाळी एक पत्र लिहिलं. सहीचा अधिकार काढून घ्यावा आणि मला कामावरून मोकळं करावं. चार ओळींत झालं असतं, पण झालं दोन पानं.

ते पत्र खिशात घेऊनच बुधवारी, बोल्ट तपासून, तो समुपदेशक बाईंकडे पोचला.

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"तुमची लिफ्ट अर्धं बोट वर थांबते."

"मी तुमचं विचारलं."

"माझंही तसंच धरा."

बाई हसल्या. मागच्या वेळी त्यांनी एक कागद दिला होता: काय घडलं, मनात काय आलं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. ओळंब्याने तो भरून आणला होता. बाईंनी चष्मा लावला.

"'काय घडलं', इथे तुम्ही लिहिलंय, 'मी लोकांच्या जिवाला धोका आहे हे सिद्ध झालं.' बरं. किती वाजता घडलं हे?"

"म्हणजे?"

"घडलंय ना? मग वेळ असेल. मजला असेल. कोणी पाहिलं?"

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक करकरत होतं. त्याला उठून तेल घालावंसं वाटलं.

"तुमच्याकडेही असाच कागद असतो, सांगत होतात. त्यात कुणी असं लिहून आणलं तर काय करता?"

"फाडतो," तो पटकन म्हणाला. मग म्हणाला, "बाई, सोमवारीही मी हेच केलं. त्या लिफ्टच्या कागदावर. 'ब्रेक धोकादायक.' वाटलं ते दिसलं म्हणून लिहिलं."

"ब्रेक खरोखर खराब असू शकतो?"

"असू शकतो."

"मग तपासा."

"आणि चांगला निघाला तर? मग मी उगाच त्या माणसाचे हाल केले. आणि खराब निघाला तर आधी का नाही दिसला? दोन्हीकडून मीच."

"दोन्हीकडून तुम्हीच दोषी, असा तराजू बाजारात कुणी विकत घेईल का?" बाई म्हणाल्या. "चूक झाली असेल तर चुकीएवढीच मोजा. आणि एक सांगते, तपासायचं ते एकदा. दहादा तपासलं की ते तपासणं राहत नाही, भीतीला खाऊ घालणं होतं. मग ती रोज जेवायला येते."

त्याला हे पटलं असं नाही. पण बसच्या रांगेत उभा असताना त्याने जोडीदाराला फोन केला. "उद्या सकाळी सात मजलीला जाऊ. ब्रेकची चाचणी. पूर्ण."

जोडीदाराला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू व्हायचा तो बंद व्हायचं बटण नसल्यासारखा. निवृत्तीला दोन वर्षं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. गुरुवारी सात मजले चढून वर येईस्तोवर त्याने धापा टाकत टाकतच बोलणं चालू ठेवलं होतं.

"ओळंब्या, तू लिफ्ट बंद केलीस त्याबद्दल माझा काही राग नाही हं. माझ्या गुडघ्यांचा आहे. ते तुला पत्र लिहिणार आहेत."

"काम कर."

चाचणी साधी असते. मोटरच्या चाकावरून जाणाऱ्या पोलादी दोरांवर खडूची खूण करायची, रिकामी लिफ्ट वर जात असताना खूण मशीनच्या चौकटीसमोर आली की वीज तोडायची आणि ती तिथून किती पुढे सरकून थांबते ते मोजायचं. या मशीनला वीतभर चालतं. त्यापुढे गेली तर ब्रेक गेला.

ओळंब्याने खूण केली. जोर जास्त झाला, खडूचे दोन तुकडे झाले. रेडिओने कधी नव्हे ते तोंड मिटलं. लिफ्ट निघाली. दोर सळसळत गेले. ओळंब्याने वीज तोडली. खटका आपटला, चाक थांबलं.

दोघे वाकले.

"दिसलं काय?" रेडिओने विचारलं, अगदी ओळंब्याच्याच आवाजात.

"चार बोटं."

"वीत कुठे आणि चार बोटं कुठे! वाटलं काय?"

ओळंब्याने ओठ चावला. "वाटलं... खडू नीट लागला नसेल."

"मग ते त्या रकान्यात लिही ना, इकडे कशाला सांगतोस?"

ओळंब्याने खरंच लिहिलं. दिसलं: चार बोटं. वाटलं: खडू नीट लागला नसेल. लिहिल्यावर ते वाक्य फार किरकोळ दिसू लागलं, एखाद्या नवख्या मेकॅनिकने सबब सांगावी तसं. पुन्हा एकदा चाचणी करायची त्याला अशी काही हुक्की आली की बोटं आपोआप खडूकडे गेली. रेडिओने खडू उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

"पण मग सोमवारी धप्प झालं ते काय?" ओळंबा म्हणाला. "ते मला वाटलं नव्हतं. ते झालं होतं. पायाला लागलं होतं."

"मग त्यात बसून बघ."

"तू बस."

"माझ्या पायाला काही लागत नाही आता, लोखंड झालेत ते. तूच बस."

ओळंबा लिफ्टमध्ये शिरला. दार मिटलं. छातीत धडधड सुरू झाली. त्याने बटण दाबलं. सहा, पाच, चार. थांबताना धप्प. त्याने तोच मजला पुन्हा दाबायचा सोडून गुडघे टेकले आणि तळाच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पुन्हा एक मजला खाली. धप्प, आणि हाताखाली मागच्या कोपऱ्यातला पत्रा उचलला गेला. स्क्रू गळून पडला होता. लिफ्ट थांबली की पत्रा आपटत होता.

एक स्क्रू. त्यासाठी तीन दिवस सात मजले.

हसावं की रडावं त्याला कळेना. मनाने मात्र संधी साधलीच: बघ, ब्रेक आणि पत्रा यातला फरक न कळणारा मेकॅनिक! मग त्याने ते वाक्यही दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि स्क्रू बसवायला लागला.

स्क्रू बसवून वर जाताना सहाव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर प्लास्टरवाले काका, कुबड्यांवर.

"झाली का चालू? की आमचं आणखी एखादं हाड मोडायची वाट बघताय?"

"झाली, काका. सोमवारी मी न तपासताच बंद केली होती. माझं चुकलं."

काका पुढच्या शिव्या तोंडात घेऊन आले होते, त्या तिथेच अडकल्या. "चुकलं म्हणजे? ब्रेक चांगला होता?"

"चांगला होता. पत्रा सैल होता."

"आणि मला चौघांनी खुर्चीतून नेलं! चौथ्या मजल्यावर एक जण म्हणतो, काका, जरा वजन कमी करा. माझ्याच खुर्चीत, मलाच!" काकांनी एक कुबडी दारात टेकवली. "परवा रुग्णालयाची नवी वेळ मिळालीय. सकाळी नऊ. तेव्हा चालू पाहिजे."

"असेल."

"तुम्ही बरे आहात ना? चेहरा असा काय तुमचा?"

"आजारी आहे थोडा. औषध चालू आहे." हे त्याने पहिल्यांदाच कुणा परक्याला सांगितलं होतं. काकांनी मान हलवली आणि कुबड्या सावरत आत शिरले. आभाळ कोसळलं नाही.

संध्याकाळी बायको शिवणाच्या दुकानातून आली तेव्हा ते पत्र टेबलावर होतं. तिने उभ्याउभ्याच दोन्ही पानं वाचली, गळ्यातला टेपही काढला नाही.

"अहो, यात 'नेहमी' किती वेळा आलंय बघितलंत का? 'मी नेहमीच चुका करतो.' 'माझ्यामुळे नेहमीच त्रास.' माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात ना, 'सगळेच कपडे मला नेहमी घट्ट होतात' म्हणत? मी टेप लावते. फरक निघतो अर्धा इंच."

"तू कंटाळलीस ना मला?"

हा प्रश्न तीन महिने त्याच्या घशात होता. विचारायची गरजच वाटली नव्हती, उत्तर त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ती कप जोरात ठेवायची, तेच उत्तर.

"कंटाळले," ती म्हणाली. तिने टेप टेबलावर टाकला. "त्या तुमच्या बोल्टला. रविवारच्या त्या फिरायला जाण्याला. मला काय कळत नाही कुठे फिरता ते? कपड्यांना ग्रीसचा वास येतो. तुम्हाला कंटाळले असते तर आधी हे कपडे धुवायचं थांबवलं असतं."

"मग पत्राचं काय करू?"

"मला काय विचारता? जे झालंय तेवढं लिहा. कमीही नको, जास्तीही नको."

त्याने तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. शेवटी उरल्या पाच ओळी.

शुक्रवारी अकराला साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि साहेब गालाला हात लावून पत्र वाचत होते. सोमवारी मी चाचणी न करता लिफ्ट बंद केली. गुरुवारी चाचणी केली, ब्रेक योग्य आहे. एका रहिवाशाला त्रास झाला, त्यांची माफी मागितली आहे. मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत. दोन महिने माझ्या सहीसोबत दुसरी सही असावी, ही विनंती.

"हंऽऽ," साहेब म्हणाले. नुसतंच. कपाळाला आठ्या.

ओळंब्याच्या मनात गाडी सुटली. हंऽऽ म्हणजे संपलं. हंऽऽ म्हणजे दोन महिने कशाला, आजच घरी जा. म्हणजे बाहेर माझ्या जागी दुसरा बसलाय. मग तो म्हणाला, "साहेब, हंऽऽ म्हणजे काय?"

"काय?"

"तुम्ही आत्ता हंऽऽ म्हणालात. आणि कपाळाला आठ्या आहेत. मी त्याचा काय अर्थ घ्यायचा?"

साहेबांनी गालावरचा हात काढला. "दाढ," ते म्हणाले. "दाढ ठणकतेय हो दोन दिवस. पत्र ठीक आहे. सोमवारचं मात्र तुमच्या फाइलला लागणार, ते मला टाळता येणार नाही."

"लागू दे. झालंय ते."

"आणि दुसरी सही दोन नाही, तीन महिने."

"तीन का?"

"कारण कामाचे तक्ते तीन महिन्यांचे असतात आणि मधेच बदलायचा मला कंटाळा आहे! अजून काही? सगळं आजच विचारून घेणार का?" साहेबांनी गाल दाबला. "आणि आजाराचं आधी सांगायचं, ओळंबा. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

बाहेर आल्यावर ओळंबा जिन्यात थांबला. परत जाऊन विचारावं का, फाइलला नक्की कुठल्या शब्दांत लागणार? साहेब 'खाल्लं असतं' म्हणाले तेव्हा हसले होते की दाढ दुखली होती? तो दोन पायऱ्या वर चढला. एक उतरला. पुन्हा चढला. हाताचा अंगठा आपोआप कठड्याचा स्क्रू चाचपत होता.

"ओळंब्याऽऽ!" खालून रेडिओ. "गाडी सुरू आहे, मीही सुरू आहे! काय झालं वर?"

"तीन महिने दुसरी सही."

"हे बरं की वाईट?"

"माहीत नाही." तो उतरायला लागला. "अजून तसं काही दिसलं नाही. कॉल आहे का?"

"आहे ना! नऊ मजली, मधेच अडकलीय. आत एक बाई आणि तिचा कुत्रा. कुत्रा शांत आहे म्हणे. बाई मघापासून फोनवर मला शिव्या घालतायत." रेडिओने फोन लांब धरला होता, तरी आवाज ऐकू येत होता.

क्षणभर ओळंब्याने गाडीच्या दाराला धरलं. मग हात पुढे केला.

"दे इकडे." फोन कानाला लावून तो गाडीत बसला. "ताई, लिफ्टचा मेकॅनिक बोलतोय. निघालोय आम्ही, पंधरा मिनिटं लागतील. घाबरू नका असं मी म्हणणार नाही, भीती वाटणारच. आतला दिवा चालू आहे का? ... बरं. दाराला हात लावू नका. पंखा? ... छान. आता दारावरच्या काचेतून तुम्हाला काय दिसतंय, भिंत की मजला? तेवढं सांगा."